पांढऱ्या पेशींची कानडी

"कुणी काढलं रे हे रक्त? पुढं या! हात मोडलेत का डोळं फुटलेत?"

अप्पा ओरडत होते. अप्पा ओरडले की आमच्या लॅबमधलं रक्त गरगर फिरवायचं सेंट्रिफ्यूज भीतीनं मंद व्हायचं, हे मी शपथेवर सांगतो. बाकीचे म्हणतात की ते यंत्रच जुनं होतं. असू दे. गिरणीचा भोंगा बंद पडल्यापासून आमच्या गल्लीत घड्याळं लावायची सोय उरली नव्हती, ती अप्पांनी केली, कारण रोज सकाळी बरोबर साडेआठला ते कुणावर तरी ओरडायचेच. त्या दिवशी मात्र दुपारचे अडीच वाजले होते आणि त्यांच्या हातात निळ्या बुचाची काचेची नळी होती. आम्ही तिला बल्ब म्हणतो. त्या बल्बवर एक रेघ असते आणि रक्त त्या रेघेपर्यंत भरावंच लागतं. आत ठरावीक औषध आधीच घातलेलं असतं. रक्त कमी पडलं की औषध जास्त होतं, आणि पाणचट चहासारखा त्यातला आकडाही पाणचट येतो. अप्पांच्या हातातल्या बल्बमध्ये रेघ एकीकडं आणि रक्त एकीकडं, दोघांची ओळखसुद्धा नव्हती.

रक्त मी काढलं होतं. माझ्या दाजींचं.

"मी काढलं, अप्पा."

"तू? बारा वर्षं झाली की रं तुला हितं! हे रक्त हाय का कुंकू? कुनाच्या कपाळाला लावायचंय?"

त्यांनी मशीनमधून बाहेर आलेला कागद उचलला. अप्पा जेवायला बसले होते तेवढ्यात मी तो अर्धवट बल्ब गुपचूप मशीनला लावला होता. डी-डायमर चारशे सत्तर. पाचशेच्या आत म्हणजे ठीक. रक्तात गुठळ्या होऊन विरघळायला लागल्या की त्यांचे तुकडे रक्तात फिरतात, ते मोजायची ही तपासणी. त्या कोरोनाच्या वर्षी सोलापुरात पानपट्टीवरच्या माणसालाही ती पाठ झाली होती. कागद हातात येताच मी अक्काला फोन करून सांगितलं होतं, "काळजी करू नको, दाजींचं नॉर्मल हाय." अक्का फोनवरच रडली होती, आनंदानं.

"मशीनला बी लावलंस?" अप्पा एकदम हळू बोलले. त्यांचं हळू बोलणं मी बारा वर्षांत तिसऱ्यांदा ऐकत होतो आणि आधीच्या दोन्ही वेळी कुणीतरी नोकरी सोडून गेलं होतं.

आता अप्पा कोण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

अप्पा डॉक्टर नव्हते. आमच्या लॅबच्या मालकीण म्हणजे मॅडम, त्या डॉक्टर. अप्पा सीनियर टेक्निशियन. गाव कर्नाटकच्या हद्दीवरचं दुधनी, घरात कानडी, बाजारात मराठी, रागात दोन्ही. वय किती, ते कुणालाच माहीत नव्हतं. लॅब आधी झाली का अप्पा आधी आले, यावर आमच्यात वाद होता. कोट असा कडक इस्त्रीचा, की ते खुर्चीत बसले तरी कोट उभाच राहायचा. परदेशातून लाखांचं नवं मशीन आलं तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले, अप्पांनी मशीनला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाले, "आंधळं हाय, पर इमानदार हाय. आंधळ्याच्या हातात काय ठेवलं, ते आपन बघायचं." त्या दिवसापासून मशीनचा एकही आकडा त्यांनी रक्त डोळ्यांनी बघितल्याशिवाय बाहेर जाऊ दिला नाही. मॅडमसुद्धा सही करण्याआधी एकच विचारायच्या, "अप्पांनी बघितलंय का?"

एकदा भर मे महिन्यात अकलूजहून एक माणूस मोटारसायकलच्या डिकीत बल्ब घालून आला. सोलापूर जिल्ह्यातलं ऊन आणि आमचे रस्ते, दोन्ही मिळून रक्ताचं काय करतात ते सांगायला नको. अप्पांनी बल्ब उजेडात धरला. वर पिवळं पाणी यायचं तिथं कोकम सरबत. "एलडीएच लावायचंय," तो माणूस म्हणाला. पेशी फुटल्या की हे एलडीएच वाढतं. पुढं कोरोनात फुप्फुसाला किती मार बसला याचाही त्यावरून अंदाज यायचा. अप्पांनी त्याला शांतपणे विचारलं, "पेशी पेशंटच्या छातीत फुटल्या का तुझ्या डिकीत फुटल्या, हे मशीनला कोन सांगनार? तू सांगतूस?" बिचारा परत अकलूजला गेला. पुढच्या वेळी तो माणूस बल्ब असे धरून आला, जणू नवजात बाळ आणलंय.

पण अप्पांची खरी करामत मायक्रोस्कोपवर होती.

काचेवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या असतात. शंभर पेशींत कुठल्या जातीच्या किती. त्यासाठी बटणांचं टिकटिक यंत्र मिळतं. अप्पांनी ते यंत्र खिडकी अडकवायला ठेवलं होतं. ते तोंडानं मोजायचे, मोठ्यानं, आणि घोटाळा नको म्हणून प्रत्येक जातीला वेगळी भाषा. न्यूट्रोफिल मराठीत. लिम्फोसाइट कानडीत. मोनोसाइट तेलुगूत, कारण शेजारच्या तेलुगू विणकर घरात त्यांचं लहानपण गेलं. आणि इओसिनोफिल नावाची, गुलाबी दाण्यांची, क्वचित भेटणारी पेशी दखनी उर्दूत. पण मराठीतलाही एक आणि दखनीतलाही एक सारखाच, म्हणून तिच्यामागं "जनाब" लावायचे. डोळा नळीला, डावा हात चाकावर, आणि तोंडानं चाललंय: "अकरा, बारा, वंदु, तेरा, येरडु, वकटि, चौदा, एक जनाब, पंधरा, मूरु..." वंदु, येरडु, मूरु म्हणजे कानडी एक, दोन, तीन; वकटि म्हणजे तेलुगू एक. चार भाषांतले चार आकडे डोक्यात एकाच वेळी, आणि कधी चूक नाही. एकदा मॅडमनी परीक्षा म्हणून मधेच विचारलं, "अप्पा, सासऱ्यांचा फोन नंबर काय?" अप्पांनी नंबर सांगितला आणि पुढं "सत्तावीस, नाकु" म्हणून चालू. मी तर म्हणतो, अख्खं सोलापूर त्या काचेवर राहायला होतं. सगळ्यांचं आपापल्या भाषेत चाललेलं.

मग कोरोना आला आणि आम्हाला बाहेरच्या खोलीत बसून रिपोर्ट ऐकू यायला लागले.

धडधाकट माणसाच्या रक्तात कानडी भरपूर. पंचवीस, तीस, पस्तीस. कोरोनाच्या पेशंटमध्ये मराठी वाढायची आणि कानडी आटायची. दुखणं जितकं खोल, तितकी कानडी कमी. दखनी तर गायबच. दिवसच्या दिवस एक जनाब कानावर पडायचा नाही. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटनं भागून जो आकडा येतो त्यावरून पेशंट बिघडणार का ते सांगता येतं, असं डॉक्टर लोक म्हणायचे. आम्हाला भागाकार करायची गरजच पडायची नाही. आतून नुसतं "एक्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी" ऐकू आलं, मधे कानडीचा पत्ता नाही, की आमची सुई धरलेली बोटं थंड व्हायची. सीआरपी म्हणजे अंगातल्या जाळाचा आकडा, फेरिटिन म्हणजे त्याचाच भाऊ, एलडीएच, हे सगळं मशीन सांगायचं. पण मशीनचा कागद यायच्या आधी आम्हाला कळलेलं असायचं. बाहेर रांगेत नातेवाईक उभे, त्यांना काही कळायचं नाही. एक आजोबा म्हणाले, "आत देवाचं काय म्हनत्यात का?" मी म्हटलं, "व्हय, तसंच काय तरी."

तर दाजी.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा, अक्काचा नवरा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चार माग, टॉवेलचे. माणूस असा की चार माग चालू असताना त्यांच्या वर आवाज काढून विनोद सांगणार आणि हसणंही स्वतःच सुरू करणार. ताप आला, तपासणी पॉझिटिव्ह आली, तसं त्यांनी बंद पडलेल्या मागांच्या शेडमध्येच खाट टाकली आणि मालकाच्या थाटात क्वारंटाइन झाले. सहावा दिवस. ऑक्सिजन शहाण्णव. डॉक्टर म्हणाले, घरी राहा, पण रक्त तपासून घ्या.

मी रक्त काढायला गेलो. आता आमच्याकडं दाजी म्हणजे काय, ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. बहिणीचा नवरा. घरात आला की आई पाट मांडणार, वडील खुर्ची सोडणार, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा. त्या माणसाच्या दंडाला मी पट्टा आवळायचा! दाजी म्हणाले, "काढा मेव्हणे, काढा. लग्नात मानपानावरून तुमच्या घरचं मी लई रक्त पिलं, त्याचा वचपा काढा." अक्का दारातनं म्हणाली, "जरा बेतानं रे, चार दिस जेवले न्हाईत ते." झालं. माझा हात हलका पडला. जांभळ्या बुचाच्या बल्बमध्ये जेमतेम, लाल बुचाच्या बल्बमध्ये थेंबभर, निळ्या बल्बमध्ये तळाला. हजारो लोकांचं रक्त मी रेघेला टेकवून काढलं होतं. पाहुण्याला जास्त वाढून मान राखतात, दाजींचा मी रक्त कमी काढून राखला.

लाल बल्बमधून तपासायला पुरेसं पाणीच निघालं नाही, म्हणून सीआरपी वगैरे राहिलं. निळा मी मशीनला लावला. आणि आता अप्पा तो कागद हातात धरून हळू आवाजात विचारत होते.

"घरी कळवलंस?"

"व्हय."

"काय म्हनून?"

"नॉर्मल म्हनून."

अप्पांनी कागदाच्या चार घड्या करून तो कोटाच्या खिशात ठेवला. मग दाजींचा जांभळा बल्ब उचलला, काच काढली, थेंब पसरला, रंगवला, आणि मायक्रोस्कोपला बसले. मी दाराशी उभा राहिलो. त्यांनी मला जा म्हटलं नाही.

"एक, दोन, तीन, चार, पाच..."

मी वाट बघत होतो.

"सतरा, अठरा, वंदु."

कानडीतला पहिला आला.

"एकोणीस, वीस, एकवीस..." चाळीसला "येरडु". मग पुन्हा मराठी, मराठी, नुसती मराठी. साठ. सत्तर. मी मनातल्या मनात कानडी आकडे म्हणत होतो, मूरु म्हणा अप्पा, नाकु म्हणा. मला कानडी येत नाही, पण त्या दिवशी मला फक्त तीच भाषा हवी होती. शंभर पेशी संपल्या तेव्हा कानडी एळुवर येऊन थांबली होती. एळु म्हणजे सात. अप्पांनी काच सरकवून पुढच्या शंभर मोजल्या. पुन्हा एळु.

ते उठले. "गाडी काढ."

गाडी काढ म्हणजे काय हे मला कळेना, कारण अप्पांनी लॅबच्या बाहेर पेशंटकडं पाऊल टाकल्याची नोंद कुणाकडंच नव्हती. मॅडम केबिनमधून बाहेर येऊन बघत राहिल्या. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात पीपीई किट म्हणतात तो प्लास्टिकचा झगा घालून अप्पा माझ्या मागं बसले. एमआयडीसीच्या वळणावर सात कुत्री मागं लागली. अप्पांनी मागं वळून कानडीत एक शब्द उच्चारला आणि सातही कुत्री खाली बसली. खोटं वाटत असेल तर कुत्र्यांना विचारा.

दाजी खाटेवर शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन बसले होते. आम्हाला बघून म्हणाले, "आता परत? सकाळी नेलंत की! मेव्हण्यानं वाटंत सांडलं का काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "बल्ब आमचा खराब निगाला. परत घ्यावं लागतंय."

बल्ब खराब निघाला म्हणाले. मी नाही.

मग माझ्याकडं वळले. "काढ."

"अप्पा, तुमीच..."

"तूच काढ. पाव्हना बघू नको, रेघ बघ."

मी काढलं. तिन्ही बल्ब, रेघेला टेकवून. दाजी आरडाओरडा करण्याचं नाटक करत होते आणि अक्का त्यांना रागावत होती. अप्पांनी दाजींच्या बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला. शहाण्णव. "बघा की!" दाजी म्हणाले, "घोडा हाय घोडा!"

"घोडा चालतुया का बघू," अप्पा म्हणाले. "मागांच्या भवतीनं चाला. सा मिनिटं. बोलायचं न्हाय."

दाजी निघाले. चार बंद मागांच्या भोवती, चिमटा बोटाला. पहिल्या फेरीत हात हलवून आम्हाला निरोप दिला, दुसऱ्या फेरीत मिशीला पीळ. तिसऱ्या फेरीत काही नाही. चौथ्या फेरीत एका मागावर हात टेकला. अप्पांची नजर घड्याळावर. पाचव्या मिनिटाला चिमट्यावर एकोणनव्वद आलं. दाजी हसत होते, म्हणजे तोंड हसायच्या आकाराचं होतं, पण त्यातून हवा येत नव्हती.

"कूलर बंद हाय... म्हनून जरा..." ते म्हणाले.

अप्पांनी चिमटा अक्काला दाखवला. "बाई, कपडे भरा यांचे. आत्ताच."

"पर मगाशी तर ह्यानं नॉर्मल..." अक्का माझ्याकडं बघत म्हणाली.

"मगाचं मगाशी," अप्पा म्हणाले. "आत्ताचं हे."

त्या दिवसांत बेड मिळणं म्हणजे काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे. अप्पांनी शेडच्या दारात उभं राहून फोन लावला. पलीकडचा डॉक्टर कधीकाळी शिकाऊ असताना अप्पांच्या शेजारी स्टुलावर बसून काचा बघायला शिकला होता. अप्पा नाव सांगेनात, विनंती करेनात. नुसतं म्हणाले, "लिम्फो सात टक्के. दोनदा मोजलेत. चालवल्यावर एकोणनव्वद. मानूस हसतोय, हसन्यावर जाऊ नको." आणि ऐकत राहिले. मला वाटतं तो फोन नसता तरी पलीकडं ऐकू गेलं असतं. संध्याकाळी पाचला दाजी बेडवर होते, सातला तोंडावर मास्क होता. नव्या रक्ताचं डी-डायमर आठशे पार. सीआरपी इतकं, की मॅडमनी कागद वाचून चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मास्क लागल्यावर दाजींचा एकही विनोद झाला नाही, तेव्हा अक्काला खरी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला अप्पा ओरडले नाहीत. कोट काढला, बाही वर केली, माझ्यापुढं हात धरला. "माजं काढ. निळ्यात. रेघेपर्यंत."

"अप्पा, कशाला उगीच..."

"काढ म्हनलं की."

आठ दिवस, रोज सकाळी, ज्या माणसापुढं मला खुर्चीत बसायची हिंमत नव्हती त्याचं रक्त मी रेघेला टेकवून काढलं. आठव्या दिवशी त्यांनी बल्ब उजेडात धरला, रेघ बघितली, आणि बाही खाली केली. माझ्या त्या चुकीवर ते पुन्हा कधीच काही बोलले नाहीत. अक्कालाही नाही, मॅडमनाही नाही. तो चार घड्यांचा कागद त्यांच्या खिशातून कुठं गेला, मला माहीत नाही. अक्काला मी स्वतःच सांगितलं, वर्षभरानं. ती म्हणाली, "कळलंवतं मला. तुजं तोंड बघूनच कळलंवतं."

दाजींचं रक्त रोज यायचं. तिसऱ्या दिवशी कानडी ऐदुवर, म्हणजे पाचावर उतरली, चौथ्या दिवशी नाकुवर, म्हणजे चारावर. अक्का दवाखान्याच्या बाहेर झाडाखाली बसून अकरा वाजता फोन करायची. आधी सीआरपी, फेरिटिन, सगळे आकडे विचारायची, वहीत लिहून घ्यायची. मग मी तिला अप्पांचं मोजणं समजावून सांगितलं, तेव्हापासून एवढंच विचारायची, "आज कानडी किती?" मी "नाकु" म्हटलं की ती फोन ठेवायची. पाचव्या दिवशीही नाकु. त्या दिवशी लॅबमध्ये कुणी रेडिओ लावला नाही.

सहाव्या दिवशी आरु, म्हणजे सहा. सातव्या दिवशी वंबत्तु, म्हणजे नऊ. मशीननं सीआरपी निम्म्यावर आल्याचं सांगितलं, पण आम्ही सगळे दाराशी कान लावून कानडीच ऐकत होतो: मी, रिसेप्शनवरची मुलगी, आणि खोटं बोलत नाही, मॅडमसुद्धा, हातात फाईल धरून, जणू सहज उभ्या आहेत.

आणि नवव्या दिवशी, मराठी सत्तरच्या आसपास होती, कानडी चौदाला पोचली होती, तेवढ्यात अप्पा थांबले. चाक थांबलं. कुठल्याही माणसाच्या अंगातल्या गोंधळात जी पेशी सगळ्यात आधी पळून जाते आणि सगळं शांत झालं की परतते, ती गुलाबी दाण्यांची पेशी त्यांच्या डोळ्यासमोर आली होती. अप्पांनी घसा साफ केला, आणि मुशायऱ्यात पाहुण्याचं नाव पुकारावं तसं, लांब आवाजात म्हणाले,

"एक... जनाब!"

मॅडमच्या हातातली फाईल पडली. मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो आणि अक्काला फोन लावला. ती पलीकडून "किती? अरे कानडी किती?" विचारत होती, आणि मला तिला सांगायचं होतं की आज दखनी आली, अक्का, आज दखनी आली.

आता अप्पा दुधनीला असतात. तूर लावतात म्हणे. शेंगा मोजत असतील, आणि कुठल्या भाषेत ते तूरच जाणो. आमच्याकडं आता टिकटिक यंत्र आहे, मशीन आणखी नवं आहे, आकडे चुकत नाहीत. तरी काच लावली की मी तोंडातल्या तोंडात वंदु येरडु करतो. एवढंच जमतं मला, एकच भाषा एका वेळी.

पण हे सगळं नंतरचं; तेव्हा दाजी सोळा दिवसांनी घरी आले आणि महिन्याभरानं लॅबमध्ये. अंगानं निम्मे झालेले, पण आवाज परत आला होता. अक्का बरोबर, आणि दोघांच्या मधे टॉवेलांचा एवढा मोठा गठ्ठा की दारातून आधी गठ्ठा आत आला, मग ते. अप्पा मायक्रोस्कोपला होते. दाजींनी गठ्ठा खाली ठेवला आणि सगळ्या लॅबसमोर अप्पांचे पाय धरले. बारा वर्षांत ज्या माणसाला मी कुणाच्या पाया पडताना बघितलं नव्हतं, तो माणूस. वर बघून म्हणाले, "अप्पा, मी मेल्यातच जमा होतो. तुमी होता म्हनून मी हाय. ही बाई, माजी पोरं, माग, सगळं तुमच्यामुळं हाय. जल्मभर इसरनार न्हाय मी." त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं, अक्काही रडत होती, रिसेप्शनची मुलगी रडत होती, मीही.

अप्पांनी डोळा मायक्रोस्कोपवरून काढला. दाजींकडं बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत.

"दवाखान्यात स्टेरॉइड दिलंवतं की तुमाला. त्यानं शुगर वाढतीया. उपाशी पोटी आलाय का?"

दाजी गोंधळले. "न्हाय जी. नाष्टा करूनच निगालो."

"मग उद्या या," अप्पा म्हणाले. "पानी चालतंय."